तिसरी खुंटी

मुलुंडच्या घरी न्हाणीघराच्या बाहेरच्या भिंतीवर एका लाकडी पट्टीला ठोकलेल्या तीन खुंट्या आहेत. पहिली आईची, दुसरी वहिनीची, तिसरी दादाची. पाहुणे आले की त्यांचे टॉवेल या तिघांच्या टॉवेलांवर चढतात आणि पावसाळ्यात त्या सगळ्यांना मिळून एकच कुबट वास येऊ लागतो, जो मला माहेरचा वास वाटतो. गेल्या भाद्रपदात गौरीजेवणाच्या सकाळी मी माझा ओला टॉवेल सवयीने दादाच्या खुंटीवर टाकला, दोन पावले पुढे गेले, परत आले आणि तो उचलून खिडकीच्या गजाला लावला. खिडकीबाहेर पाऊस होता आणि गजाला गंज होता. टॉवेल तिथे वाळणार नाही, उलट त्याला तांबडा डाग पडेल, हे मला स्पष्ट कळत होते. वळून पाहिले तर दादा चहाचा कप घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभा होता. त्याने पाहिले की नाही हे त्याच्या चेहऱ्यावरून समजले नाही, कारण त्या दिवसांत दादाच्या चेहऱ्यावरून काहीच समजत नसे. माणसाचा राग, आश्चर्य, दुखावलेपण आपण किती प्रमाणात त्याच्या भुवयांवरून वाचत असतो, हे भुवया गळलेल्या माणसासमोर उभे राहिल्याशिवाय लक्षात येत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिसरी खुंटी रिकामी होती.

दादाचा टॉवेल त्याच्या खोलीत खुर्चीच्या पाठीवर वाळत होता. कोणी काही बोलले नाही. मी घावनघाटल्याचा डबा घेऊन बोरिवलीला परतले, पण दादरला गाडी बदलताना, पुलावरच्या त्या ढकलाढकलीत, ती रिकामी खुंटी माझ्यासोबत चालत होती. ज्या माणसाच्या पोटात माझी किडनी आहे, त्याच्या टॉवेलाला माझा टॉवेल लागू नये असे मला वाटले होते.

ती किडनी देण्याची गोष्ट मी फारशी सांगत नाही, कारण सांगू लागले की ऐकणाऱ्याचे डोळे पाणावतात आणि मला संकोच वाटतो. खरे पाहता मी ती फार विचार करून दिली नाही. रक्तदाबाने दादाच्या दोन्ही किडन्या गेल्या, त्यानंतर दोन वर्षे तो आठवड्यातून तीन दिवस डायलिसिसला जात असे आणि परत आला की कोमेजलेल्या अळूच्या पानासारखा पलंगावर पडत असे. डायलिसिसच्या सुया घालता याव्यात म्हणून त्याच्या मनगटाजवळ धमनी आणि शीर जोडून फिस्टुला केलेला होता. तिथे बोट ठेवले की आत भुंगा अडकल्यासारखी रक्ताची घरघर लागे. आईचे वय झालेले, वहिनीला मधुमेह. तपासण्यांतून शेवटी मी उरले. माझी डावी किडनी काढली आणि त्याच्या पोटात उजवीकडे, जांघेच्या थोडी वर बसवली. त्याच्या स्वतःच्या निकामी किडन्या आत तशाच ठेवल्या आहेत, त्या सहसा काढत नाहीत. शुद्धीवर आल्यानंतर दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी त्याने मला निरोप पाठवला होता, ‘तुझ्याकडे एक, माझ्याकडे तीन. लहानपणी खाऊची वाटणी अशीच व्हायची ना?’

पण किडनी बसवणे हे एका दिवसाचे काम असते आणि ती टिकवणे हे जन्माचे. शरीराला परके ओळखण्याची खोड असते आणि बहीण असली तरी ती शरीराच्या लेखी परकीच. २३ डिसेंबर १९५४ रोजी बोस्टनमध्ये जोसेफ मरे यांनी जगातले पहिले यशस्वी किडनी प्रत्यारोपण केले, ते एकसारख्या जुळ्या भावांमध्ये. त्यांच्या शरीरांना एकमेकांतला फरकच कळत नव्हता, म्हणून ते जमले. आमच्यात सहा वर्षांचे अंतर आहे आणि नाकापासून स्वभावापर्यंत काहीही सारखे नाही, म्हणून दादाच्या शरीराची ओळखण्याची ताकद रोज थोडी झोपवावी लागते. सकाळी नऊ आणि रात्री नऊ, बारा तासांच्या अंतराने, फोनचा गजर वाजतो आणि घरातला जो कोणी जवळ असेल तो ‘गोळी’ असे ओरडतो. त्यातली मुख्य गोळी टॅक्रोलिमसची. जपानमधल्या त्सुकुबा इथल्या मातीत सापडलेल्या एका जिवाणूपासून १९८४ मध्ये हे औषध मिळाले. त्याच्या आधी ज्या सायक्लोस्पोरिनवर सगळी भिस्त होती, ते नॉर्वेतल्या मातीतल्या बुरशीपासून आलेले. सोबत मायकोफेनोलेट आणि थोडे स्टेरॉइड. या गोळ्यांमुळे घरात काही नवे नियम आले आहेत. त्यातला मला सर्वात चमत्कारिक वाटणारा नियम पपनसाचा. ग्रेपफ्रूट आणि त्याच्या जातीची फळे टॅक्रोलिमसचे रक्तातले प्रमाण वाढवतात, त्यामुळे गणपतीपुढच्या पाच फळांत पपनस असले तरी दादाच्या प्रसादात ते येत नाही. आई दरवर्षी त्याची फोड बाजूला काढताना पुटपुटते, ‘देवाचं असूनसुद्धा बाधतं म्हणजे काय!’

चेहऱ्याची सुरुवात प्रत्यारोपणाला वर्ष उलटून गेल्यावर झाली. आधी नाकाच्या शेंड्यावर आणि बाजूंना बारीक, कातडीच्याच रंगाचे पुरळ उठले. स्टेरॉइडमुळे मुरुमांसारखे पुरळ येतात हे आम्हाला ठाऊक होते, जवळच्या डॉक्टरांनीही तेच म्हटले आणि मलम दिले. महिना-दोन महिन्यांत पुरळ कपाळावर, गालांवर, कानांच्या पाळ्यांवर पसरले, नाकाची कातडी जाड आणि खडबडीत दिसू लागली आणि मग त्या प्रत्येक पुळीच्या टोकातून एक पांढुरका, पिवळट, केसाहून किंचित जाड असा काटा बाहेर आला. ते दिसण्यापेक्षा हाताला अधिक जाणवत. आईला मोतीबिंदूमुळे नीट दिसत नाही, ती माणसांना हातांनी बघते. एका संध्याकाळी दिवा लावल्यावर तिने नेहमीप्रमाणे दादाच्या चेहऱ्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, ‘दाढीचे खुंट किती वाढलेत रे!’ तिचा हात त्या वेळी त्याच्या नाकावर होता.

मी तेव्हा तिथेच वाती वळत बसले होते. आईने हात मागे घेतला नाही. नाकावर खुंट कसे येतील, हे तिच्या ध्यानात यायला एक क्षण लागला असावा, पण त्यानंतरही तिची बोटे तिथेच राहिली, मग गालावर गेली, मग भुवया असायच्या तिथे जाऊन थबकली. पुढे तिने मला स्वयंपाकघरात विचारले, ‘अंगावर काटा येतो तो भीतीनं. याला कसली एवढी भीती बसली आहे?’ मी तिला उत्तर दिले नाही. नंतर एकदा मीही त्याच्या कपाळाला हात लावून पाहिला, ताप आहे का ते पाहण्याचे निमित्त करून. वांग्याच्या देठाला हात लागावा तसे वाटले. टोचले नाही, पण माझी बोटे आपोआप आखडली, हे त्याला कळले असणार.

भुवया आणि पापण्या गेल्यावर घरात कुजबूज सुरू झाली. एका वयस्क नातेवाइकांनी फोनवर आवाज खाली आणून ‘महारोग तर नाही ना?’ असे विचारले. मला त्यांचा राग आला, परंतु त्यांचा तर्क अगदीच निराधार नव्हता. कुष्ठरोगाच्या एका प्रकारात भुवया बाहेरच्या टोकापासून विरळ होत जातात, कानांच्या पाळ्या जाड होतात, चेहऱ्याची कातडी सुजून तिला घड्या पडतात आणि सिंहासारखा दिसणारा तो चेहरा वैद्यकाच्या पुस्तकांत त्याच नावाने ओळखला जातो. दादाच्या आजारातही पुढे गेलेल्या रुग्णांचा चेहरा तसाच होतो. आमच्या पिढीने लहानपणी वडाळ्याच्या अ‍ॅकवर्थ रुग्णालयाचे नाव मोठ्यांच्या तोंडून धमकीसारखे ऐकले आहे. १८९० पासून ते तिथे आहे, पूर्वी शहराच्या टोकाला होते, आता शहराने त्याला चारी बाजूंनी वेढले आहे. कुष्ठरोग औषधांनी पूर्ण बरा होतो आणि औषधे सुरू झाली की लवकरच तो पसरायचा थांबतो, हे सगळे मला पाठ आहे, मी ते इतरांना समजावूनही सांगितले असते. तरीही दादाच्या कानाच्या पाळीला चिमटा घेऊन, बारीक छेद देऊन काढलेल्या द्रवाचा अहवाल येईपर्यंतचे चार दिवस मी बोरिवलीहून मुलुंडला गेले नाही. पाऊस फार आहे, मध्य रेल्वे बंद पडते, असे काहीतरी वहिनीला सांगितले. पाऊस होताच. अहवालात काही निघाले नाही.

मग परळच्या एका मोठ्या रुग्णालयात जाणे झाले. परळला ज्यांना वारंवार जावे लागले आहे, त्यांना तिथल्या सकाळचे वर्णन करून सांगायला नको. पदपथावर चटया, प्लास्टिकचे कागद आणि स्टोव्ह घेऊन राहणारी बाहेरगावची कुटुंबे, केसपेपरची रांग, एक्स-रेची मोठी पाकिटे छातीशी धरलेली माणसे. त्वचारोग विभागातल्या बाईंनी भिंगातून दादाच्या नाकाकडे बराच वेळ पाहिले, एक काटा चिमट्याने अलगद उपटून काचपट्टीवर ठेवला आणि शेजारच्या खोलीतून कनिष्ठ डॉक्टरांना बोलावले. एकामागून एक आठ-दहा मुले-मुली आल्या. त्यांनी परवानगी विचारून, दादाचे नाव दिसणार नाही असे सांगून, फोटो काढले. त्यांच्या चेहऱ्यांवर जे होते त्याला आनंदच म्हणावे लागेल, आणि तो दडवण्याची त्यांची धडपडही दिसत होती. मला ते टोचले. दादा मात्र बाहेर आल्यावर म्हणाला, ‘जन्मात पहिल्यांदा माझ्यासाठी रांग लागली. नाहीतर मीच रांगेत असायचो.’

तांदळाच्या दाण्याएवढा कातडीचा तुकडा काढून तपासला, उपटलेल्या काट्यांची विषाणूसाठी चाचणी झाली आणि आजाराचे नाव कळले. ट्रायकोडिसप्लेझिया स्पायन्युलोझा. पहिला भाग केसांच्या बिघडलेल्या घडणीचा, दुसरा बारीक काट्यांचा. केसाच्या मुळाभोवती आतून एक नाजूक आवरण असते. या आजारात विषाणू नेमक्या त्या आवरणाच्या पेशींत शिरतो आणि त्या बेसुमार वाढू लागतात. केस घडतच नाही, आवरणाचाच घट्ट झालेला ऐवज वर ढकलला जाऊन काट्यासारखा बाहेर येतो. तलवार घडलीच नाही आणि म्यान मात्र वाढत बाहेर आले, असे काहीसे. चेहऱ्याचा मधला भाग, भुवया, कान ही त्याची आवडती ठिकाणे. अवयव बदललेले, रक्ताच्या कर्करोगावर उपचार घेणारे, अशा प्रतिकारशक्ती दबलेल्या माणसांतच तो दिसतो, आणि त्यांच्यातही इतका क्वचित की बहुतेक त्वचारोगतज्ज्ञांनी तो फक्त पुस्तकात पाहिलेला असतो.

नंतरचे दिवस मी रात्री उशिरापर्यंत वाचत बसत असे. १९९५ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बाझलच्या डॉक्टरांनी किडनी बदललेल्या रुग्णांच्या चेहऱ्यांवरच्या या काट्यांचे वर्णन केले, तेव्हा त्यांनी दोष सायक्लोस्पोरिनला दिला होता. औषध घेणाऱ्यालाच होते, म्हणजे औषधानेच होते, हा तर्क सरळ होता. १९९९ मध्ये अमेरिकेत एका रुग्णाच्या कातडीत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली विषाणूंचे कण दिसले आणि आजाराला आजचे नाव मिळाले, पण तो विषाणू कोणता हे कळायला २०१० साल उजाडावे लागले. नेदरलँड्समधल्या लायडन इथे हृदय बदललेल्या एका पंधरा वर्षांच्या मुलाच्या चेहऱ्यावरून उपटलेल्या काट्यांतून संशोधकांनी तो वेगळा काढला. पोलिओमा जातीचा नवा विषाणू. पोलिओमा हा शब्द आमच्या घराला नवा नव्हता. त्या कुळातला बी. के. नावाचा विषाणू बदललेली किडनी खराब करू शकतो, म्हणून दादाची त्यासाठी तपासणी होत असते. १९७१ मध्ये ज्या किडनी-रुग्णात तो सापडला, त्याच्या नावाची ती आद्याक्षरे. मला त्या दोन अक्षरांच्या माणसाची आठवण अनेकदा येते. त्या पंधरा वर्षांच्या मुलाचीही येते. त्या वयात आरशासमोर उभे राहणे एरवीही सोपे नसते.

पण माझ्या मनातला विषय टॉवेल होता. ‘विषाणू’ हा शब्द ऐकल्यापासून तो होता, आणि गौरीजेवणाच्या सकाळी माझा हात मागे वळला तो त्या एका शब्दामुळे. पुढे वाचता वाचता असे समोर आले की नेदरलँड्स आणि फिनलंडमध्ये धडधाकट प्रौढांचे रक्त तपासले, तेव्हा सुमारे ७० टक्के लोकांत या विषाणूविरुद्धची प्रतिपिंडे आढळली. याचा अर्थ तो त्यांना कधीतरी, बहुधा लहानपणीच, भेटून गेला होता आणि त्यांना त्याचा पत्ताही लागला नव्हता. निरोगी शरीरात तो हा आजार करीत नाही. तोच हिशेब इथे धरला, तर माझ्या डब्यात समोरासमोर बसलेल्या बायकांपैकी बहुतेकींनी तो केव्हातरी अंगावर घेतला असणार, आणि बहुधा मीही. ज्या गोष्टीपासून मी टॉवेल वाचवत होते ती माझ्याजवळ आधीपासूनच असण्याची शक्यता जास्त होती.

इथपर्यंत वाचून मला हलके वाटायला हवे होते, पण पुढे आणखी एक गोष्ट होती. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अशा रुग्णांचे आजाराआधीचे आणि नंतरचे रक्तनमुने ताडून पाहिले होते. आधीच्या नमुन्यांत प्रतिपिंडे नव्हती. लहानपणी अंगात शिरून झोपलेला विषाणू पुढे जागा झाला असे न घडता, तो या माणसांना पहिल्यांदाच भेटला होता आणि नेमका अशा वेळी, जेव्हा औषधांनी त्यांच्या शरीराचे पहारेकरी झोपवले होते. म्हणजे दादा बहुधा त्या उरलेल्या थोड्यांपैकी, ज्यांना लहानपणी तो कधी भेटलाच नाही. ज्या कोणाकडून तो त्याच्याकडे आला तो माणूस निरोगी असणार, त्याच्या चेहऱ्यावर काटे नसणार, त्याला स्वतःलाही काही ठाऊक नसणार. गाडीतला कोणी अनोळखी, वहिनी, आई, शेजारचे पोर, मी. हे शोधून काढणे अशक्य आहे आणि शोधून उपयोगही नाही. परंतु त्या रात्री मी उठून माझ्या न्हाणीघरातला टॉवेल हातात घेऊन कितीतरी वेळ उगाच उभी राहिले होते.

उपचार ऐकायला सोपा होता. शरीराचे पहारेकरी थोडे जागे होऊ द्यायचे. मायकोफेनोलेट कमी केले, टॅक्रोलिमस खालच्या पातळीवर आणले आणि व्हॅलगॅन्सायक्लोव्हिर या विषाणूरोधक गोळ्या सुरू केल्या. काही ठिकाणी सिडोफोव्हिरचे मलम करून लावतात, ते दादाला दिले नाही. पण पहारेकरी जागे झाले की ते विषाणूसोबत किडनीकडेही पाहणार. एका गोळीचा अर्धा भाग इकडे की तिकडे, यावर माझ्या भावाचा चेहरा आणि माझी किडनी अशी दोन पारडी हलत होती. दर आठवड्याला रक्तातल्या क्रिएटिनीनचा आकडा येई, तो वाढला की किडनी थकत चालली असे समजायचे. १.३, १.३, १.४. त्या १.४ च्या दिवशी वहिनीचा फोन आला तेव्हा तिचा आवाज इतका सपाट होता की मला आधी आईचेच काही झाले असे वाटले. मला त्या वेळी जे वाटले ते लिहायला जड जाते. मला वाटले की चेहरा राहू दे तसाच, किडनी जाता कामा नये. कोणाच्या चेहऱ्याबद्दल मी हे ठरवत होते? काटे माझ्या नाकावर नव्हते. केस कापायला गेल्यावर ज्याला कोपऱ्यातली खुर्ची दिली जात होती आणि ज्याच्या मानेभोवतीचे कापड नंतर दोन बोटांनी उचलले जात होते तो मी नव्हते. दादाने त्या न्हाव्याकडे जाणे सोडून दिले होते आणि वहिनी घरीच यंत्राने त्याचे केस कापत असे. हे मला आईकडून, फार उशिरा कळले.

आकडा पुढच्या आठवड्यात १.३ वर परतला आणि तिथेच राहिला.

चेहरा हळूहळू बरा होऊ लागला. दिवाळीत काटे तुरळक झाले होते, आंघोळीनंतर मऊ पडून काही आपोआप निघून येत. संक्रांतीला मी गेले तेव्हा नाक अजून थोडे जाड होते, पण कपाळ साफ दिसत होते आणि भुवयांच्या जागी बाळाच्या जावळासारखी कोवळी, अगदी काळी लव आली होती. पन्नाशीच्या माणसाच्या चेहऱ्यावर ती विचित्र दिसत होती. आईने तिळगूळ देऊन त्याच्या तोंडावरून हात फिरवला आणि काही न बोलता दुसरी वडी त्याच्या हातात ठेवली.

मी गाडीतून येताना सगळे मनात घोकून आले होते. ७० टक्के, लहानपण, लायडन, पहिली भेट. दुपारी जेवणे झाल्यावर, वहिनी आडवी झाली तेव्हा, मी दादाला ते सांगायला सुरुवात केली आणि गौरीच्या दिवशीच्या टॉवेलापर्यंत पोहोचले. तो हलव्याचे दाणे एकेक करून खात ऐकत होता.

‘अगं, हे मला परळच्या बाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं,’ तो म्हणाला. ‘तुम्हाला कोणाला काही होणार नाही म्हणून. कागदावर लिहूनसुद्धा दिलंय. कपाटात आहे.’

‘मग तू टॉवेल आत का नेलास?’

त्याने नव्या भुवया वर केल्या. त्या वर गेलेल्या मी कितीतरी महिन्यांनी पाहत होते.

‘तुझा टॉवेल गजावर भिजत होता,’ तो म्हणाला. ‘खुंटी मोकळी करून ठेवली, तर तूही तो तिथेच ठेवून दिवसभर पावसात भिजवलास. गंजाचा डाग गेला का?’

डाग गेलेला नाही. तो टॉवेल मी त्या दिवशी सोबत आणला होता, पिशवीत खाली, घडी करून, डाग आतल्या बाजूला ठेवून.